काचवालीचा भाला

मी तिला पहिल्यांदा पाहिले ते काचेतून.

आमच्या शिक्षकखोलीची मोठी खिडकी चेंडू लागून फुटली होती आणि तिथे बरेच दिवस पुठ्ठा ठोकलेला होता. एका सकाळी मी पटांगण ओलांडत होते, तर समोरून एक भली मोठी काच चालत येताना दिसली. काचेची पुढची कड एका उंच, किंचित पोक आलेल्या माणसाने धरली होती, मागची एका मुलीने. दोघे काचेच्या पलीकडच्या अंगाला होते. मुलगी माझ्याच वर्गातली, सहावीतली. पण तोवर ती माझ्या नजरेत भरली नव्हती. काही मुले पहिल्याच दिवशी आपले नाव तुमच्या डोक्यात ठोकून बसवतात, काही वर्षभर बाकाचाच एक भाग होऊन राहतात. ही दुसऱ्या प्रकारातली.

काचेतून दिसणारा तिचा चेहरा विचित्र हालत होता. नाक आक्रसायचे, ओठ वर जायचे, एक डोळा मिटायचा.

"काय होतंय गं?" मी विचारले.

"नाक खाजतंय, बाई."

"मग खाजव की."

"हात काचेला आहेत ना."

"बोलू नकोस, पायाखाली बघ," पुढचा माणूस मागे न वळता म्हणाला. तो तिचा बाप.

मी काचेला वळसा घालून गेले आणि तिचे नाक खाजवले. तिने डोळे मिटून घेतले. "जरा डावीकडे, बाई. हां, तिथेच." दार धरून उभा असलेला शिपाई इतका हसला की त्याने दार सोडले, आणि बापलेक काच घेऊन उन्हात ताटकळत राहिले. एवढ्या वेळात तिचे हात कडेवरून तसूभरही हलले नाहीत.

त्या दिवसापासून शाळेत तिला काचवाली म्हणू लागले. तिला त्याचे काही वाटले नाही. बापाला सगळे काचवालाच म्हणत.

त्यांचे दुकान शाळेमागच्या रस्त्यावर होते. अरुंद आणि खोल. एका भिंतीला लाकडी घोड्यांमधून काचा उभ्या लावलेल्या, मधोमध जाड लोकरी कापड गुंडाळलेले टेबल, त्यावर लाकडी पट्टी आणि हिरकणी, म्हणजे काच कापायचे हिऱ्याच्या टोकाचे हत्यार. टेबलाच्या अगदी पायाशी एक पत्र्याचा डबा असे, तुटक्या काचांचा. हात सोडला की काच डब्यात पडावी इतका जवळ. दाराशी तिची आई बसायची. ती फोटोंना चौकटी बसवायची, आणि दुकानात जे काही बोलायचे ते सगळे तीच बोलायची.

काचवाला फारच काटेकोर. हिरकणी काचेवरून एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा ओढली की काच रुसते, असे तो म्हणे. रेघ मनासारखी आली नाही, की काच डब्यात. गिऱ्हाईक समोर उभे असले तरी डब्यात. एकदा मीच तिथे असताना एक शिंपी आला होता. त्याच्या कपाटाच्या दारासाठी कापलेली काच एका कोपऱ्यात केसभर तिरकी गेली होती.

"अहो, राहू द्या, चालेल मला," शिंपी म्हणाला.

"मला नाही चालणार," काचवाला म्हणाला, आणि खळ्कन आवाज झाला.

"बघितलंत?" आई माझ्याकडे वळून म्हणाली. "गिऱ्हाईक घ्यायला तयार, हे फोडायला तयार. आमचं अर्धं दुकान त्या डब्यात जेवतं."

काच कापताना बारीक कपचे उडतात. म्हणून मुलगी लहान असल्यापासून तिला एक सक्त नियम होता. बापाने हिरकणी हातात घेतली की तिने दाराच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचे. वळायचे नाही. ती तिथेच पाढे पाठ करायची, तिथेच कणीस खायची, आणि पाठीमागे काय चालले आहे ते कानांनी ऐकायची. चांगली रेघ नवे कापड फाडल्यासारखी सलग वाजते. वाईट रेघ मध्येच चरकते. मग एक तर टक् असा आवाज येऊन काच दुभंगायची, किंवा खळ्कन डब्यात जायची. रेघ वाजताच पुढे काय होणार ते ती सांगू शकत असे.

"बाबांना आवाजावरूनच कळतं," तिने मला एकदा अभिमानाने सांगितले होते. "आणि मलापण."

आठवीत ती खेळाच्या सरांच्या हाती लागली. सरांच्या गळ्यात सदैव शिट्टी असे, आणि ते जेवताना किंवा मुख्याध्यापकांशी बोलतानासुद्धा ती ओठांशी नेत. मुले त्यांना शिट्टी सर म्हणत. सर उत्साही, पण त्यांच्या उत्साहाला फळ येईल असे मूल शाळेत बरीच वर्षे आले नव्हते. काचवाली धावण्यात मागे, उडीत त्याहून मागे. सरांनी तिला कोपऱ्यात पडलेले बांबूचे भाले खोलीत नेऊन ठेवायला सांगितले होते. तिने ते एकेक करून खोलीच्या दाराशी फेकले, म्हणजे फेऱ्या वाचतील. मी वरच्या मजल्यावर वर्ग घेत होते. खिडकीतून दिसले, की सर पटांगणात उभे आहेत, शिट्टी ओठांवरून गळून छातीवर आली आहे, आणि ते म्हणत आहेत, "थांब. जरा मागे ये. अजून मागे. आता फेक."

तिच्यात काय होते ते सरांनी मला नंतर समजावून सांगितले. काचा वाहून खांदे भरलेले होते, ते एक. पण खरी गोष्ट तिच्या मुठीत होती. बाकीची मुले भाला आवळून धरायची. ही मात्र काच धरल्यासारखा धरायची, पडणार नाही इतका घट्ट आणि तडकणार नाही इतका सैल. "हे शिकवून येत नाही हो बाई," सर म्हणाले. "माझी इतकी वर्षं ‘मूठ सोड, मूठ सोड’ म्हणण्यात गेली."

घरी परवानगी मागायला सर स्वतः गेले. काचवाल्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "भाला फेकून मिळतं काय?"

"पहिला नंबर आला तर पदक."

"फेकायचं म्हणजे लांब जाईल तेवढं चांगलं?"

"हो."

"आणि नाही गेलं तर?"

"तर नाही गेलं."

काचवाल्याला हे पटले असावे. "संध्याकाळी काचा पोचवायला ती लागते. त्याआधी न्या," तो म्हणाला.

आई म्हणाली, "न्या, न्या. घरात फोडणारे एक आहेत, बाहेर फेकणारी एक होऊ दे."

पहिल्याच आंतरशालेय स्पर्धेत ती एक गोष्ट शिकून आली, आणि ती तिला पदकापेक्षा जास्त आवडली होती. भाला फेकणाऱ्याला धावपट्टीच्या टोकाला एक पांढरी वाकडी रेषा असते. फेकल्यावर त्या रेषेला पाय लागता कामा नये, आणि भाला जमिनीवर टेकेपर्यंत धावपट्टी सोडायची नसते. सोडली की पंच लाल निशाण दाखवतो. ती फेक मोजत नाहीत, फळ्यावर नुसती फुली मारतात. मोठ्या शाळांतल्या मुलींनी त्यातून एक युक्ती काढली होती. फेक वाईट गेली असे वाटले, की आपणच रेषेपलीकडे पाऊल टाकायचे. मग ती फेक झालीच नाही.

"बाई, हे किती छान आहे!" ती मला सांगत होती. "वाईट फेक उरतच नाही. कोणाला दिसतपण नाही."

"अगं, दिसते की. भाला सगळ्यांसमोर पडतो."

"पडतो. पण मोजत नाहीत ना."

तिचे डोळे चमकत होते. मला त्या पत्र्याच्या डब्याची आठवण झाली आणि हसू आले.

पुढच्या वर्षांचे सगळे सांगत बसत नाही. ती शाळेतून महाविद्यालयात गेली, बांबूचा भाला जाऊन धातूचा आला, आणि ती विभागात पहिली आली, मग देशात. देशाची विजेती म्हणून तिचे नाव वर्तमानपत्रात येऊ लागले आणि मग येईनासे झाले, कारण दरवर्षी तीच जिंकायची आणि त्यात बातमी काही उरली नाही. सर शाळेतून निवृत्त झाले, पण तिचे सर राहिले. दर पदकाला आई चौकट करायची आणि बाप काच कापायचा. दुकानाची एक भिंत त्यांनी भरली. नवीन गिऱ्हाईक त्या नमुन्याच्या चौकटी समजून दर विचारायचे.

तिला पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी लागली, तक्रारींच्या खिडकीवर. तिथे तिचा एक फोटो लावला होता, हात मागे ताणलेला, भाला कानाशी. त्या फोटोखाली बसून ती लोकांची बोलणी खायची. "एवढ्या लांब भाला जातो म्हणता तुमचा," एक आजोबा तिला रोज म्हणायचे, "आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी पोचत नाही!" ती शांतपणे म्हणायची, "भाला मी फेकते आजोबा, पाणी दुसरे फेकतात."

दुकानाला लागून एका सुताराचे दुकान होते. तो चौकटींच्या पट्ट्या करून द्यायचा. पट्ट्या देण्याच्या निमित्ताने त्याच्या फेऱ्या वाढल्या आणि पुढे तो या घरचा जावई झाला. आईने मुलीला विचारले होते, "याच्याशी लग्न करायचंय की भाल्याशीच?" ती म्हणाली, "हा भाल्याची पेटी फार छान करतो." आई म्हणाली, "झालं. म्हणजे दोघांशी."

फेकायची तिची पद्धत सगळ्यांना माहीत झाली होती. भाला सुटला, की ती त्याच्याकडे बघत नसे. मान किंचित तिरकी करायची, क्षणभर ऐकायची, आणि लगेच वळायची. चांगला सुटलेला भाला आवाज करत नाही, वाईट सुटलेला शेपटाकडून थरथरतो आणि ती थरथर कानाला कळते, असे तिचे म्हणणे. थरथर ऐकू आली की तिने रेषा ओलांडलीच. भाला अजून हवेत असायचा.

सरांना हे रुचत नसे. "वाईट तर वाईट, मोजू दे ना. आपल्यालाही कळायला नको?"

"कळतं मला, सर."

"कानांनी?"

"हो."

सरांनी बरेचदा परीक्षा घेतली. तिला पाठमोरी उभी करून विचारायचे, किती गेला? ती सांगायची आणि ते साधारण बरोबर निघायचे. पुढे पुढे तर सरच ते इतरांना फुशारकीने सांगू लागले. "माझी मुलगी भाल्याकडे बघत नाही. भाल्याने तिच्याकडे बघावं." आमच्या सरांना एकदा अभिमान चढला की उतरायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र राहून जात होती. देशाबाहेरच्या मोठ्या स्पर्धेला जायचे, तर नुसते पहिले येऊन भागत नाही. ठरवून दिलेल्या एका अंतरापलीकडे भाला जावा लागतो. ते अंतर तिला थोडक्यासाठी हुलकावणी देत होते. सरावात दोनदा गेला होता, पण सराव कोण धरतो? त्यात तिचा कोपर दुखू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, हा हंगाम जेमतेम निघेल, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर हाताने जेवता येईल, केस विंचरता येतील, एवढ्या लांब फेकता येईलच असे नाही. हंगामातली शेवटची निवड स्पर्धा आमच्याच गावच्या मैदानावर होती. तिथे ते अंतर पार झाले तर ती जाणार, नाहीतर कधीच नाही. हे घरात, कार्यालयात, शाळेत सगळ्यांना ठाऊक होते. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबासुद्धा तेवढे दिवस पाण्याबद्दल बोलले नाहीत.

काचवाल्याने मुलीची एकही स्पर्धा पाहिली नव्हती. दुकान उघडे ठेवून जाता येत नाही आणि बंद ठेवणे त्याला माहीत नव्हते. या वेळी आईने त्याला घराबाहेर काढले. "जा. काचा एक दिवस स्वतःला सांभाळतील. मी बसते ना." तो धुतलेला सदरा घालून आला आणि गॅलरीत माझ्या शेजारी बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते. शेवटी त्याने ते मांडीवर उताणे ठेवले, बोटांवर कापल्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा होत्या.

मैदानाच्या कडेला, ठरलेल्या अंतरावर, एक पिवळे निशाण रोवले होते. मी त्याला समजावले. "त्या पिवळ्याच्या पलीकडे गेला की ती बाहेरदेशी जाणार."

"त्या पिवळ्याच्या," तो म्हणाला, आणि मग त्याने तिथून नजर हलवली नाही.

प्रत्येकीला सहा फेकी होत्या. तिची पहिली फेक चांगली गेली आणि ती सगळ्यांच्या पुढे आली, पण भाला पिवळ्याच्या अलीकडेच रुतला. पुढच्या फेकींपैकी दोन तिने मोडल्या, तिच्या नेहमीच्या रीतीने, शांतपणे रेषा ओलांडून. फळ्यावर फुल्या लागल्या. चौथी पहिलीइतकीच. कोपराला पट्टी बांधली होती, आणि दोन फेकींच्या मध्ये ती हात दुसऱ्या हातावर तान्ह्या मुलासारखा घेऊन बसायची. दुपारी वारा सुटला. समोरून, पण सारखा वळत होता. निशाणे फडफडू लागली.

पाचव्या फेकीला ती धावली तेव्हा काही वेगळे आहे असे मला वाटले नाही. हात आला, भाला सुटला. तिने मान तिरकी केली. मग वळली आणि दोन पावले टाकून रेषा ओलांडून बाहेर आली.

भाला अजून वर होता. वाऱ्याने त्याला खालून उचलून धरले होते, आणि तो उतरायचे नावच घेत नव्हता. सगळे मैदान एकदम उभे राहिले. भाला पिवळ्या निशाणाच्या चांगला पलीकडे जाऊन गवतात रुतला आणि थरथरत उभा राहिला.

काचवालाही उभा राहिला. "गेला!" तो म्हणाला. "बाई, गेला! पलीकडे गेला!" तो टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवणारा तो एकटाच उरला आहे हे त्याला जरा वेळाने कळले.

"काय झालं?"

पंचाच्या हातात लाल निशाण होते. मी त्याला सांगितले. भाला टेकायच्या आधीच ती बाहेर आली, म्हणून ती फेक धरणार नाहीत.

"पण बाहेर का आली?"

"तिला वाटलं, फेक वाईट गेली. वाईट गेली की ती स्वतःच मोडते."

तो हळूच खाली बसला. "आवाज ऐकला असेल तिनं," एवढेच म्हणाला.

सहाव्या फेकीनंतर ती रेषेमागे उभी राहिली, भाला पडेपर्यंत, पंचाने पांढरे निशाण दाखवेपर्यंत. पण कोपर संपला होता. भाला पिवळ्याच्या बराच अलीकडे पडला. स्पर्धा तिने पहिल्याच फेकीवर जिंकली. तिला पदक मिळाले, टाळ्या मिळाल्या, आणि ती कुठेही जाणार नव्हती.

आम्ही खाली गेलो तेव्हा मैदान रिकामे होत होते. शिट्टी सर टेप घेऊन गवतात निघाले होते. भाला जिथे रुतला होता तिथले भोक अजून दिसत होते.

"सर, नको," ती म्हणाली.

"अगं, निदान आपल्यासाठी. किती होती ते कळू दे तरी."

"सर, फोडलेल्या काचेला कोणी टेप लावतं का?"

सर थांबले. मग एकाएकी त्यांना राग आला. "वाऱ्यात भाला थरथरतोच! कोणाचाही थरथरतो! एवढी वर्षं मी सांगतोय, बघ, बघ म्हणून. मान वळवून बघायला काय धाड भरली होती?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते लपवायला त्यांनी शिट्टी तोंडात धरली. वाजवली मात्र नाही. नंतर किती तरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

काचवाल्याने तिची पिशवी घेतली. ती "राहू द्या, बाबा" म्हणाली, पण त्याने दिली नाही. भाल्याच्या पेटीचे एक टोक जावयाने धरले, एक तिने. दुकानापर्यंत ते सगळे तसेच चालत गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुकानात गेले होते. माझ्या धाकट्या भावाच्या फोटोची चौकट निसटली होती. ती आधीच तिथे होती, हात फडक्याने गळ्यात बांधलेला, शस्त्रक्रिया व्हायची होती. आईने नव्या पदकाची चौकट तयार केली होती आणि काच तेवढी राहिली होती.

काचवाल्याने टेबलावर काच आडवी ठेवली आणि हिरकणी उचलली. ती, इतकी मोठी बाई, देशाची विजेती, उठली आणि दाराच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. कोणी सांगितले नव्हते. मीही सवयीने तिच्या शेजारी टेकले.

पाठीमागे रेघ वाजली. अर्ध्यात चरकली.

"गेली," ती म्हणाली.

आम्ही दोघी खळ्कन आवाजाची वाट पाहत राहिलो. तो आला नाही. मग आमच्या अंगावर सावली पडली. काचवाला काच घेऊन दारापर्यंत आला होता. त्याने ती आमच्या डोक्यांवर, उजेडात, तिरकी धरली. एक डोळा मिटून कडेने पाहिले, काच फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिले.

"ठीक आहे," तो म्हणाला, आत गेला, आणि टक् असा आवाज झाला. काच सरळ दुभंगली होती.

ती वळून बघत होती. "आवाज तर खराब आला, बाबा."

"आला. धुळीचा कण होता. टोक जरासं उडालं."

"मग फोडली का नाही?"

"रेघ चांगली होती ना."

"तुम्ही दर वेळी उजेडात धरून बघता?"

"मग काय डोळे मिटून फोडतो?"

"मला वाटायचं, आवाजावरून फोडता."

काचवाला पट्टी पुसत होता. त्याचा हात थांबला. "आवाजावरून संशय येतो," तो म्हणाला. "फोडतो ते बघून."

मग अर्थातच आई बोलली. "जन्मभर लेकराला रस्त्याकडे तोंड करून बसवलंत. मग तिला काय दिसणार, कपाळ?"

ती आधी हसली. खूप हसली. हसता हसता तिने गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसले, आणि मग बराच वेळ ते फडके तोंडावरून काढले नाही. काचवाला तसाच उभा होता. शेवटी त्याने ती कापलेली काच आईसमोर ठेवली, आणि आईने ती चौकटीत बसवली.

शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा दोन हंगाम फेकत होती. एकदा दुसरी आली, एकदा पाचवी, आणि थांबली. तिच्याहून लहान असलेली एक मुलगी त्या पिवळ्या निशाणापलीकडे फेकून बाहेरदेशी गेली, तेव्हा तिला निरोप द्यायला ही गेली होती. वर्तमानपत्राच्या माणसाने विचारले, तुमची ती पाचवी फेक किती लांब होती हो? ती म्हणाली, "माहीत नाही. मी बघितली नाही." त्याला वाटले, ती टाळते आहे.

सरांचा अबोला त्यांनी स्वतःच सोडला. त्यांना गुडघ्यांनी धावता येईना, म्हणून शाळेच्या मैदानावरचे संध्याकाळचे काम त्यांनी तिच्याकडे दिले. ती ओरडत नाही, शिट्टी वापरत नाही. तिच्या मुलींना नियम एकच आहे. भाला सुटला की तो जमिनीला टेकेपर्यंत जागेवरून हलायचे नाही, आणि डोळे त्याच्यावरच. फेक कितीही वाईट असली तरी. मुली कुरकुरतात. "ताई, ही तर पायाशीच पडली, हिला काय बघायचं?" ती म्हणते, "तुला वाटतंय. बघ तरी."

शिट्टी सर आता मैदानाच्या कठड्यावर बसून असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हे मी हिला पहिल्यापासून सांगत होतो." ते खरेच आहे.

काचवाल्याचे हात आता थरथरतात. डोळेही गेल्यात जमा आहेत. तो पायरीवर ऊन खात बसतो, रस्त्याकडे तोंड करून, आणि पाठीमागे रेघ वाजली की मान तिरकी करतो. पाणीपुरवठ्याची नोकरी सोडून मुलीने दुकान घेतले, त्याला काही वर्षे झाली. सकाळी ती काचा कापते, संध्याकाळी मैदानावर असते. तिची मुलगी टेबलाजवळ उभी राहून बघते, कपचे डोळ्यांत उडू नयेत म्हणून मोठा चष्मा लावून. तो तिच्या नाकावरून सारखा घसरतो.

मागच्या महिन्यात मी पुस्तकांच्या कपाटाची काच करून घ्यायला गेले होते, तेव्हा दुकान जवळजवळ पूर्वीसारखेच दिसले. तेच टेबल, तीच पट्टी, भिंतीवर तीच पदके. फक्त तुटक्या काचांचा पत्र्याचा डबा तिने टेबलाच्या पायाशी ठेवलेला नाही. तो मागच्या दाराच्या बाहेर, अंगणात आहे, आणि तिथपर्यंत उजेडातून चालत जावे लागते.